शून्य शिलकीचे फोल्डर

आजकाल बहुतेक सुशिक्षित घरांत दोन कपाटे असतात. एक लोखंडी, त्याच्या खणांत खरेदीखते, विमापत्रे, मुदत ठेवींच्या पावत्या, मुलांची गुणपत्रके आणि लग्नातील आहेराच्या वह्या ठेवलेल्या असतात. दुसरे कपाट डोळ्यांना दिसत नाही. ते मोबाइलच्या पडद्यामागे, कुठल्यातरी दूरच्या संगणककेंद्रात असते आणि त्याला सर्वजण ‘क्लाउड’ म्हणतात. पहिल्या कपाटाची आवराआवर निदान दिवाळीपूर्वी तरी होतेच. दुसऱ्याची मात्र ‘जागा संपत आली आहे’ असा इशारा पडद्यावर उमटेपर्यंत कोणालाच आठवण होत नाही. मग घाईघाईने दिसेल ते काढून टाकण्याचा सपाटा सुरू होतो आणि त्यात प्रथम बळी जातात ते रिकामे फोल्डर. रिकामी वस्तू टाकून देण्यात कोणालाच धोका वाटत नाही.

वास्तविक जागेच्या टंचाईशी रिकाम्या फोल्डरचा काडीचाही संबंध नाही. गुगलच्या एका विनामूल्य खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती ड्राइव्ह, जीमेल व फोटो या तिघांत मिळून वापरावयाची असते. वनड्राइव्ह व आयक्लाउड यांच्या विनामूल्य खात्यांत ५ जीबी, तर ड्रॉपबॉक्सच्या खात्यात २ जीबी जागा असते. ही जागा खातात ते व्हिडिओ, टपालासोबत आलेली जड जोडपत्रे आणि फोटो. गुगल फोटोमध्ये ‘उच्च दर्जा’ या प्रकारात छायाचित्रे अमर्याद ठेवण्याची सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हापासून अनेक खाती भराभर भरू लागली. रिकामा फोल्डर यात कोठेच बसत नाही. एक काढला काय किंवा पाचशे काढले काय, जागेच्या हिशेबात शून्याचीच बाकी राहते.

कारण क्लाउडवरील फोल्डर ही पेटी नव्हेच. ती नोंदवहीतील एक नोंद आहे. ‘या नावाखाली अमुक अमुक फाइल समजाव्यात’ एवढेच ती सांगते. मोठमोठ्या कंपन्या आपला विदा ज्या अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठ्यात ठेवतात, त्याच्या मूळ रचनेत तर फोल्डर नावाची वस्तूच नाही. तेथे प्रत्येक फाइलचे लांबलचक नाव असते, त्या नावातील तिरप्या रेघा पाहून पडदा फोल्डरचे चित्र काढून दाखवतो आणि रिकामा फोल्डर हवाच असेल तर शून्य आकाराची एक वस्तू तेवढ्यासाठी निर्माण करून ठेवावी लागते. खातेवहीत खात्याचे पान उघडले म्हणजे रक्कम जमा झाली असे होत नाही, तसाच हा प्रकार.

मग या रिकाम्या पानांची चिंता तरी का करावी? फोल्डरच्या नावामुळे घरातील माणसे निर्धास्त होतात म्हणून. हे निर्धास्तपण किती महाग पडू शकते, ते पाहण्यासाठी सांगलीसारख्या पूरग्रस्त गावाकडे वळावे लागेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक या जुन्या वस्तीत पाणी घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर अशा एखाद्या घरात काय घडले असेल, ते डोळ्यांसमोर आणावे. ओली कागदपत्रे दोरीवर वाळत घातलेली आहेत. पुण्याहून आलेली लेक एका संध्याकाळी बसून ड्राइव्हवर फोल्डर तयार करते: ‘घराचे खरेदीखत’, ‘दुकानाचे परवाने’, ‘वाटणीपत्र’, ‘आईचे दवाखान्याचे कागद’, ‘जुने फोटो’. सारे फोल्डर घरातील सर्वांना पाठवले जातात. सर्वांना हायसे वाटते. पहिले दोन फोल्डर त्याच आठवड्यात भरतात. उरलेले ‘पुढच्या रविवारी’ भरावयाचे ठरते. लेक पुण्याला परत जाते. तो रविवार येत नाही.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी पुन्हा चढू लागते. सून विचारते, “अण्णा, कागदांची ट्रंक माडीवर चढवायची का?” अण्णा म्हणतात, “राहू दे. कागद सगळे ड्राइव्हवर आहेत. आधी धान्य वर घ्या.”

या प्रसंगात कोणीही निष्काळजी नाही. अण्णांनी मोबाइलवर फोल्डरची नावे स्वतः पाहिलेली आहेत. नाव दिसले म्हणून वस्तू आहे, असा समज करून घेणे अगदी स्वाभाविक आहे. फोल्डर मुळात तयारच झाला नसता, तर ट्रंक निश्चितच माडीवर गेली असती. तेव्हा रिकाम्या फोल्डरची तपासणी ही केरकचरा काढण्यापेक्षा लेखापरीक्षणाच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. शिल्लक शून्य का, हा प्रश्न आधी विचारावयाचा. खाते बंद करण्याचा अर्ज नंतर.

रिकामे फोल्डर जन्माला कसे येतात, हे पाहिले तर हा प्रश्न बराच सोपा होतो. पुष्कळसे निव्वळ अपघाताने जन्मतात. संगणकावर उंदराची उजवी कळ दाबली, ‘नवीन फोल्डर’ असे नाव उमटले, तेवढ्यात दूरध्वनी वाजला आणि तो अनामिक फोल्डर तसाच राहिला. अशा घरांत ‘नवीन फोल्डर २’, ‘नवीन फोल्डर ३’ अशी वंशावळही आढळते. काही फोल्डर स्थलांतरातून रिकामे होतात; आतल्या सर्व फाइल एकदम निवडून दुसरीकडे हलवल्या जातात आणि जुने घर मागे उभे राहते. काही फोल्डर माणसाने केलेलेच नसतात. कोरोनाकाळात २०२० व २०२१ मध्ये ज्या घरांतील मुले गुगल क्लासरूमवर शिकली, त्यांच्या खात्यांत त्या नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात वर्गागणिक एकेक फोल्डर अजून सापडेल, आणि ज्या वर्गात गृहपाठ कधी जोडलाच गेला नाही तेथे तो कोराच असेल. हे सर्व खुशाल काढून टाकावेत. त्यांच्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

प्रतीक्षेत असलेले रिकामे फोल्डर मात्र वेगळे. एखाद्या संस्थेने गुगल फॉर्मवरून अर्जासोबत कागदपत्रे मागवली की ती स्वीकारण्यासाठी ड्राइव्हवर आपोआप एक फोल्डर तयार होतो. पहिला अर्ज येईपर्यंत तो रिकामा असतो, कारण तो रिकामाच असावयास हवा. शिष्यवृत्तीचे अर्ज मागवणाऱ्या संस्थेच्या उत्साही स्वयंसेवकाने ‘साफसफाई’ म्हणून तो उडवला, तर त्याचा फटका अर्जदार विद्यार्थ्यांना बसतो. कार्यालयातील स्कॅनर ज्या फोल्डरमध्ये कागद टाकतो, त्याचेही हेच. दुकानाबाहेरची टपालपेटी सकाळी रिकामी दिसली म्हणून ती कोणी उखडून टाकत नाही.

आणि शेवटचा प्रकार अर्थातच सर्वांत गंभीर: ज्यात पूर्वी काही होते आणि आज नाही, असा फोल्डर. तो स्वतः निरुपयोगी असला तरी साक्षीदार म्हणून अत्यंत मोलाचा असतो. ‘येथे वाटणीपत्र होते’ हे सांगणारी ती एकच खूण शिल्लक असते. ती पुसली की काहीतरी हरवले आहे, हेदेखील पुढे कोणाच्या लक्षात येणार नाही.

आता हे फोल्डर शोधावयाचे कसे? गुगल ड्राइव्हच्या संकेतस्थळावर ‘रिकामे फोल्डर दाखवा’ अशी सोय नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. शोधपट्टीत प्रकार म्हणून ‘फोल्डर’ निवडता येतो, मालक म्हणून स्वतःला निवडता येते आणि त्यामुळे सर्व फोल्डरांची यादी मिळते. पण भरलेला कोणता आणि कोरा कोणता, हे ती यादी सांगत नाही. ‘स्टोरेज’ या पानावर आकारमानाप्रमाणे यादी येते खरी, परंतु ती फाइलींची असते. फोल्डरला तेथे प्रवेशच नाही. फोल्डर पन्नास-साठच असतील तर एकेक उघडून पाहणे हाच उत्तम मार्ग. एक दुपार जाते, पण त्या दुपारी घरच्या कागदपत्रांची जी उजळणी होते ती दुसऱ्या कोणत्याही उपायाने होणार नाही.

संख्या मोठी असेल तर गुगलचे ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ हे साधन विंडोज संगणकावर बसवून घ्यावे. त्यायोगे क्लाउडवरील सर्व फोल्डर संगणकात एखाद्या स्वतंत्र ड्राइव्हसारखे दिसू लागतात. मग कोणत्याही फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे ‘कंटेन्स’ या शब्दापुढे आतील फाइलींची व फोल्डरांची संख्या येते, आणि ती संख्या अगदी तळापर्यंतची असते. या एका गोष्टीचे महत्त्व फार आहे. कारण क्लाउडवरील खरी गुंतागुंत डब्यात डबा असण्याची आहे. ‘कर’ या फोल्डरात ‘२०१८’, त्यात ‘पावत्या’, त्यात ‘दवाखाना’, आणि शेवटच्या डब्यात काहीच नाही. वरून पाहणाऱ्याला ‘कर’ हा फोल्डर रिकामा वाटत नाही, कारण त्यात एक फोल्डर आहे. दुसराही वाटत नाही, तिसराही नाही. रिकामा फक्त शेवटचा. तो काढला की तिसरा रिकामा होतो, तो काढला की दुसरा. म्हणून सफाई नेहमी तळाकडून वर करावी लागते. ‘प्रॉपर्टीज’मध्ये मात्र पहिल्याच फोल्डरवर ‘० फाइल, ३ फोल्डर’ असे दिसते आणि आतील संपूर्ण उतरंड पोकळ आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

हजारो फोल्डर असतील तर काम यंत्राकडे सोपवावे लागते. घरात संगणकशास्त्र शिकणारा नातू किंवा भाची असेल तर गुगलच्याच ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ या सोयीत पंधरा-वीस ओळींचा छोटा कार्यक्रम लिहून घेता येतो. प्रत्येक फोल्डरात शिरून आत फाइल आहे का, उपफोल्डर आहे का, एवढेच तो विचारतो. दोन्ही उत्तरे ‘नाही’ आली की नाव नोंदवतो. सामान्य खात्यात असा कार्यक्रम एका वेळी ६ मिनिटांपर्यंतच चालू दिला जातो, त्यामुळे मोठ्या खात्यात काम हप्त्याहप्त्याने करावे लागेल. ‘आरक्लोन’ नावाचे एक विनामूल्य साधन जाणकारांमध्ये प्रसिद्ध आहे. ते गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स अशा अनेक साठ्यांवर चालते आणि रिकामे फोल्डर काढण्याची आज्ञा त्यात आयतीच आहे. त्याचा खरा गुण असा की, ‘ड्राय रन’ ही सूचना दिली तर ते काहीही न काढता काय काढले गेले असते एवढे सांगते. कोणतेही यंत्र वापरले तरी पहिल्या फेरीत त्याने फक्त यादी करावी, काढू नये, हा नियम घरातील कनिष्ठांकडून पाळून घेण्याचे काम ज्येष्ठांचे. तरुणांना एका कळीत काम उरकण्याची घाई असते.

याउलट, ‘तुमचा ड्राइव्ह स्वच्छ करून देतो’ असे आश्वासन देणाऱ्या अनोळखी सेवांपासून चार हात दूर राहावे. अशा सेवा आरंभीच परवानगी मागतात आणि त्या परवानगीच्या मजकुरात ड्राइव्हवरील सर्व फाइली पाहणे, बदलणे, नव्या करणे आणि काढून टाकणे हे चारही अधिकार लिहिलेले असतात. रिकामे डबे फेकण्यासाठी परक्याच्या हाती घराच्या सर्व किल्ल्या देण्यासारखे हे आहे. पूर्वी कधी अशी परवानगी दिली गेली असेल तर गुगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये, बाहेरील अ‍ॅप्सना दिलेल्या जोडण्यांच्या यादीत जाऊन ती रद्द करता येते. ही यादी एकदा उघडून पाहिल्यास कित्येकांना आश्चर्याचा धक्का बसेल.

यादी हाती आली तरी तीवर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण जे रिकामे दिसते ते प्रत्येक वेळी रिकामे असतेच असे नाही. सर्वांत साधे कारण म्हणजे चुकीचे खाते. एकाच मोबाइलवर घरचे, दुकानाचे आणि मुलाने कधीकाळी उघडून दिलेले अशी तीन खाती असतात. फोल्डर एका खात्यात भरलेला असतो आणि त्याच नावाचा दुसऱ्या खात्यातील फोल्डर पाहिला जातो. उजव्या कोपऱ्यातील गोल चित्रावर बोट ठेवून कोणते खाते उघडे आहे ते पाहावे. अर्ध्याअधिक तक्रारी तेथेच मिटतात. दुसरे कारण अधिकाराचे. फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचा असेल आणि आतील फाइली पाहण्याची परवानगी मिळालेली नसेल, तर पाहणाऱ्याला तो कोरा भासू शकतो. उलट प्रकारही घडतो. विंडोज किंवा मॅक संगणकावरून आलेल्या फोल्डरात ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ किंवा ‘डीएस स्टोअर’ अशा नावांच्या अदृश्य फाइली असतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण यंत्र ‘१ फाइल’ असे मोजते आणि खरोखरीचा पोकळ फोल्डर यादीतून निसटतो.

बँकेत ग्राहक लॉकर सोडतो तेव्हा त्याच्या शब्दावर विसंबून किल्ली जमा करून घेत नाहीत. लॉकर उघडून तो खरोखर मोकळा आहे याची खात्री केली जाते. फोल्डर काढण्यापूर्वीची खात्री ड्राइव्हवर अगदी सोपी आहे. फोल्डर निवडून ‘आय’ या माहितीच्या चिन्हावर दाबले की उजवीकडे एक पट्टी उघडते आणि तिच्या ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ या भागात त्या फोल्डराचा पूर्वेतिहास येतो: कोणी कधी तयार केला, कोणी काय आत टाकले, कोणी काय बाहेर हलवले, कोणी काय काढले. फक्त ‘तयार केला’ एवढीच एक ओळ दिसली तर तो जन्मतः कोरा. त्याचे भवितव्य ठरवणे सोपे. ‘१२ वस्तू हलवल्या’ असे दिसले तर त्या कोठे गेल्या ते पाहावे. ‘काढल्या’ असे दिसले तर मात्र सारी कामे बाजूला ठेवून प्रथम ‘ट्रॅश’ ही कचरापेटी उघडावी.

त्याचे कारण मुदत. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील वस्तू ३० दिवसांनी आपोआप कायमच्या नष्ट होतात. ऑक्टोबर २०२० पूर्वी त्या पेटीत वस्तू कितीही काळ पडून राहत. अनेक ज्येष्ठांच्या डोक्यात अजून तोच जुना नियम पक्का आहे आणि ‘ट्रॅशमध्ये असेलच की’ असे ते विश्वासाने सांगतात. वनड्राइव्हची वैयक्तिक खाती, आयक्लाउड ड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सची विनामूल्य खाती येथेही मुदत ३० दिवसांचीच. बँकेचा व्यवहार याबाबतीत किती उदार आहे पाहा. दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी दावा केला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. आणि त्यानंतरही ठेवीदार किंवा त्याचे वारस बँकेमार्फत ती परत मागू शकतात. क्लाउडवर एकतिसाव्या दिवशी दाद मागण्यासाठी खिडकीच नसते. म्हणून रिकाम्या फोल्डरांची पाहणी वर्षातून एकदा मोठ्या समारंभाने करण्याऐवजी महिन्याच्या आत एकदा झाली तरच तिचा हरवलेल्या वस्तूंसाठी उपयोग.

कधीकधी फाइल कचरापेटीतही नसते. सामायिक फोल्डर त्याच्या मालकाने काढून टाकला आणि आतील फाइल दुसऱ्याच्या मालकीची असली, तर ती फाइल नष्ट न होता निराधार होते. तिला घर उरत नाही, पण ती मालकाच्या खात्यात असते. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘इज:अनऑर्गनाइज्ड ओनर:मी’ असे लिहून शोध घेतला की अशा बेघर फाइली समोर येतात. हा शोध ज्यांनी कधीच घेतला नाही, त्यांनी एकदा अवश्य घ्यावा.

ज्या फोल्डरांविषयी निर्णय होत नाही, त्यांच्यासाठी बँकेतील जुनी युक्ती कामी येते. ज्या रकमेचा धनी लगेच सापडत नाही ती ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवली जाते आणि उलगडा झाला की योग्य खात्यात जाते. तसा ‘तपासणीसाठी’ नावाचा एक फोल्डर करून संशयास्पद फोल्डर तेथे हलवावेत आणि घरातील सर्वांना तसे कळवावे. हलवल्याने फोल्डरचा मूळ दुवा बदलत नाही. मात्र वरच्या फोल्डरमुळे ज्यांना आपोआप पाहण्याचा अधिकार मिळाला होता त्यांचा तो अधिकार हलवल्यावर जाऊ शकतो, एवढे ध्यानात असावे. सस्पेन्स खात्याचा दोष असा की ते फुगत जाते. त्यामुळे एखादी तारीख ठरवून ते शून्यावर आणणे भाग आहे.

‘चुकून काढला तर काय, त्याच नावाचा नवा करू’ असे पुष्कळांना वाटते. नाव तेच राहील, फोल्डर तो राहणार नाही. प्रत्येक फोल्डरास निर्मितीच्या वेळी एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो आणि पाठवलेला दुवा त्या क्रमांकाकडे जातो, नावाकडे नव्हे. खाते बंद करून त्याच नावाने नवे उघडले तरी जुन्या क्रमांकाचा धनादेश वटत नाही, तसेच येथे. जुना दुवा ज्या भावाला, सनदी लेखापालाला किंवा संस्थेच्या कार्यवाहांना पाठवलेला असेल, त्यांच्या हाती तो निकामी होतो आणि दिलेले अधिकारही नव्या फोल्डरला लागू होत नाहीत. कचरापेटीतून मुदतीत परत आणलेला फोल्डर मात्र जुन्याच क्रमांकानिशी परततो. तेव्हा चूक झाली तर नवा करण्याच्या भानगडीत न पडता जुना परत आणावा.

घरातील सामायिक फोल्डर ज्याच्या खात्यात आहेत ती व्यक्ती कोण, हेही या निमित्ताने पाहून घ्यावे. बहुतेक घरांत सर्व काही एका कर्त्या माणसाच्या खात्यावर उभे असते. सलग दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती गुगल आता आतील मजकुरासह काढून टाकू शकते. हे धोरण २०२३ मध्ये जाहीर झाले. खातेदार गेला आणि मोबाइल बंद करून कपाटात ठेवला, तर दोन वर्षांनी घरच्यांच्या पडद्यावरील भरलेले फोल्डर नाहीसे होण्याची पाळी येऊ शकते. यावर ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय आहे. खाते किती महिने शांत राहिले तर कोणाला कळवावे आणि कोणता मजकूर त्यांच्या हवाली करावा, हे खातेदार जिवंतपणी ठरवू शकतो. अशा दहापर्यंत व्यक्ती नेमता येतात. नामनिर्देशनाशिवाय ठेव ठेवू नये असे बँकेत ज्यांनी जन्मभर ऐकले, त्यांना या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

पाहणी पूर्ण झाली की रिकाम्या फोल्डरांपैकी बहुतेक निघून जातात आणि मोजके उरतात: ज्यांचे नाव महत्त्वाचे आणि पोट कोरे असे. ते काढावयाचे नसतात, भरावयाचे असतात. आणि भरताना क्रम चुकू नये. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून पुन्हा मिळते. सातबारा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन काढता येतो. आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये थेट देणाऱ्या कार्यालयाकडून येतात. यांच्या फोल्डरांना थोडा वेळ थांबता येईल. परंतु नोंदणी न झालेले घरगुती वाटणीचे टिपण, आईच्या जुन्या आजारपणातील डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या, हातउसन्या व्यवहारांच्या वह्या आणि आजीच्या लग्नातील तो एकमेव फोटो यांची दुसरी प्रत कोणत्याही कार्यालयात नाही. पहिला रविवार त्यांना द्यावा, आणि स्कॅन करून झाल्यावर घरातील दुसऱ्या कोणाला तरी त्याच्या मोबाइलवरून, त्याच्या खात्यातून तो फोल्डर उघडून प्रत्येक पान वाचता येते का, ते पाहावयास सांगावे. तोपर्यंत फोल्डरच्या नावापुढे ‘अपूर्ण’ हा शब्द जोडून ठेवावा आणि ट्रंक माडीवरच असू द्यावी.